कोंब फुटेल त्या दिवशी

पूर्वी वेणुपुरात सुदर्शन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. रानातल्या औषधींचा कारभार त्याच्याकडे होता. व्यापाऱ्यांनी रान ओरबाडून संपवत आणलं, तेव्हा त्याने दवंडी पिटवली, "परवाना असेल त्यानेच रानऔषध विकावं. परवाना हवा त्याने शतावरीची मुळं स्वतःच्या हाताने खणून आणावीत."

डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या खेमीनेही ती दवंडी ऐकली. मुळं खणून विकणं एवढंच तिला येत होतं. परवाना नाही मिळाला तर बाजार बंद, मग खायचं काय?

सभेत कुबेरदत्त श्रेष्ठी चांदीचं ताट घेऊन आला. ताटात अख्खा वेल, खाली मुळांचा झुबका. "बघा, एक मूळ मागं ठेवलं नाही!"

खेमीने ओच्यातून चार मुळं काढली.

"काय गं, बाकीची उंदरांनी खाल्ली?" श्रेष्ठीने विचारलं.

"उंदीरसुद्धा तुमच्यासारखं सगळं खात नाहीत!"

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी याच वेलांची मुळं मला हवीत. कोण आणील?"

श्रेष्ठीने ताटाकडे पाहिलं. त्याचा वेल तर ताटातच मरत होता.

"मी आणीन की," खेमी म्हणाली. "कडेची चार काढली, मधला कोंब मातीत दाबून वर काटे टाकले. कोंब उपटणाऱ्याला आमच्या पाड्यात कुणी जेवायला वाढत नाही."

आधी राजा हसला, मग सगळी सभा. खेमीच्या गळ्यात परवान्याचा तांब्याचा बिल्ला पडला. ती खुशाल घरी गेली असती, पण तिचं लक्ष ताटाकडे गेलं. "अगं बाई, हा ओला आहे अजून!" तिने वेल उचलून श्रेष्ठीच्या हातात दिला. "चला, उपटलात तिथंच लावा. मी दाखवते."

"आणि माझा परवाना?"

"कोंब फुटेल त्या दिवशी," बोधिसत्त्व म्हणाला.

श्रेष्ठीने उभ्या जन्मात घागर उचलली नव्हती. आता रोज डोंगर चढून पाणी घालू लागला. विसाव्या दिवशी चिखलाने भरलेलं धोतर सावरत तो भर बाजारातून धावत आला. "फुटला! खेमीबाई, फुटला!" खेमी एवढी हसली की तिची टोपली कलंडली. त्याच दिवशी श्रेष्ठीला बिल्ला मिळाला, आणि पाड्यात पहिल्या पंगतीला पान.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो श्रेष्ठी म्हणजे आज विहाराच्या बागेला पाणी घालणारा भिक्षू वप्पिल. खेमी म्हणजे आपली औषधकोठी सांभाळणारी भिक्षुणी सुजया. तो अमात्य मीच होतो. घेताना मागं ठेवावं, आणि ज्याने ठेवलं नाही त्यालाही शिकवून सोबत घ्यावं. पहिल्याला संयम म्हणतात, दुसऱ्याला करुणा."