घुंगुरमाळ काढलेली घोडी

फार मागं, कुणाच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या मागं, एक राज्य होतं. राजा कसा होता ते सोडा, रस्ते वाईट होते. गावातले बाप्ये फौजेत गेलेले, म्हणून टांगे बायका हाकायच्या. झाक हाकायच्या. खोड एकच. नावेतून उतरलेला उतारू पहिल्या टांग्याचा, म्हणून नदीकडं जाताना जिची तिची घोडी उधळलेली.

त्यात गोजरा सगळ्यांत उतावळी. मागून घुंगरं ऐकू आली की पुढच्या बायका वाट देत नसत. म्हणून एका सकाळी तिनं घोडीच्या गळ्यातली घुंगुरमाळच काढून बैठकीखाली टाकली आणि गुपचूप दोन टांगे मागं टाकले.

"बाई, जरा हळू," टांग्यातला म्हातारा म्हणाला. "मला लेकीच्या घरी जायचंय, देवाघरी नाही."

"नाव सुटली तर मलाच बोलाल, बाबा. धरून बसा."

खिंडीतल्या वळणावर घोडी एकदम थबकली. गोजरानं चाबूक ओढला. घोडी तसूभर हलेना. शिव्या देत गोजरा उतरली आणि वळणापलीकडं गेली.

चाकोरीच्या मधोमध तिची सासू बसली होती. म्हातारीला दिसत नसे, कानांच्या भरवशावर चालायची. मांडीवर भाकरीचं फडकं, आणि पायातला काटा चाचपत होती. घोडीला रोज गूळ चारायची ती हीच. घोडीनं वास ओळखला होता.

"आत्याबाई, वाटेत काय बसलात?"

"तू भाकरी विसरलीस. उतारूसाठी तू गावभर फिरतेस, मी थेट नदीची वाट धरली. घुंगरं वाजली की उठणारच होते. आज मेली वाजलीच नाहीत."

गोजरा धुळीत बसून रडली.

"रडतेस काय? काटा माझ्या पायात आहे."

तेव्हा कुठं गोजराच्या जिवात जीव आला. तिनं काटा काढला, सासूला शेजारी बसवलं, घोडीला माळ बांधली आणि सावकाश निघाली. मागचे दोन टांगे हसत पुढं गेले.

"काय गं, घोडी म्हातारी झाली का?"

"नाही. पण मला म्हातारं व्हायचंय."

नदीवर नाव उभीच होती. नावाडी म्हणाला, "मागून आणखी घुंगरं ऐकू आली, म्हणून थांबलो. नाहीतर केव्हाच सुटलो असतो."

त्या दिवसापासून खिंडीत कुणी माळ काढली नाही, आणि वळणावर घोडी पळवली नाही.

तात्पर्य : नाव चुकली तर दुसरी येते, चाकाखाली गेलेलं माणूस येत नाही.