चौथ्या थरातला दगड

माळवंडीच्या हायस्कुलात दहावीचं प्रत्येक पोर निरोपाच्या दिवशी नदीवरून एक दगड आणी आणि आपलं नाव कोरून कुंपणाच्या भिंतीत बसवी. साठ वर्षांत भिंत छातीइतकी झाली. हीरक महोत्सवाला अध्यक्ष तात्यासाहेबांनी फर्मावलं, “पाटी लावा. ही भिंत आमच्या वडिलांनी बांधली!”

हेडमास्तरांनी मान डोलावली. शाळेचा इतिहास लिहिणाऱ्या दहावीतल्या कमलला मात्र राहवेना.

“लावू की, साहेब. फक्त आधी बाकीच्यांचे दगड काढून घेऊ, म्हणजे कुणी खोटं म्हणायला नको.”

“खुशाल काढा!”

“पण तुमच्या वडिलांचा दगड चौथ्या थरात आहे. तो कशावर ठेवायचा?”

तात्यासाहेब भिंतीशी गेले. वडिलांच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. मग गुडघे टेकून ते खालची नावं वाचू लागले.