एका वाटीत चौघं

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा डोंगरसुद्धा आजच्यापेक्षा थोडे उंच असतील.

एका राज्याच्या राणीला नवलाचा मोठा नाद. दूरदूरच्या मुलखातून तिने नवलाच्या वस्तू आणवल्या, डोंगराच्या पोटात एक लेणं कोरवलं आणि त्यात त्या मांडल्या. आभाळातून पडलेला लोखंडाचा गोळा होता. ज्यात बसून मूल झोपी जाईल असा शंख होता. आणि सगळ्यात आत, समुद्रातल्या देवमाशाचा अख्खा सांगाडा होता. लोक त्या जागेला नवलघर म्हणत.

आता डोंगराच्या पोटात ऊन कुठून यायचं? म्हणून रीत पडली, की पाहायला येणाऱ्याने वाटीभर तेल आणायचं आणि दारातल्या रांजणात ओतायचं. त्यावर आतले दिवे जळत. माणशी एक वाटी. सरदार असो की गुराखी.

दारावर एक म्हातारा देवडीवाला बसे. मनाने मऊ, पण रीतीला पक्का. वाटी भरली नाही तर तो कुणाला आत जाऊ देत नसे. लोक म्हणत, "ह्याला चुकवून मुंगीही जायची नाही, तिचंही तेल द्यावं लागेल." ते ऐकून म्हातारा मनात सुखावे.

एका सणाला राणीने दवंडी पिटवली : जे लेकरू चालू शकत नाही, ज्याचं अंग त्याचं ऐकत नाही, त्याला तेल माफ.

वर्ष गेलं. राणीने देवडीवाल्याला विचारलं, "आली का तशी लेकरं?"

"एकही नाही, सरकार."

राणीने हात जोडले. "म्हणजे माझ्या राज्यात सगळी लेकरं धडधाकट आहेत. देवाची कृपा."

देवडीवाल्यालाही ते खरंच वाटलं.

मग एके दिवशी डोंगराची चढण चढून चार माणसं आली. दोर वळणारा एक बाप, त्याच्या दोन्ही हातांवर आडवी धरलेली मुलगी, मुलीच्या मानेखाली हात घालून चालणारी आई, आणि मागून तेलाची वाटी सांभाळत येणारी आत्या. मुलीचं नाव सगुणा. आठेक वर्षांची असेल. मान सावरत नव्हती, हात मनाला येईल तिकडे जात होते. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते.

"एवढी उन्हाची चढण?" देवडीवाला म्हणाला.

"माशासाठी," आई म्हणाली. "गावात एकाने सांगितलं, तेव्हापासून हिला दुसरं काही सुचत नाही. जेवत नव्हती, बाबा."

"पोरीला तेल माफ आहे. तुम्ही तिघं. तीन वाट्या."

आत्याने हातातली वाटी पुढे केली. "घरात होतं ते हे एवढं."

"मग पोर आणि एक जण जा. दोघं इथे सावलीत बसा."

"बाबा," आत्या म्हणाली, "दादा एकटा गेला तर मान कोण धरणार? हे दोघं गेले तर ती काय म्हणते ते कोण सांगणार? तिचं बोलणं मलाच कळतं. आईला निम्मं कळतं, आणि बापाला काय, त्याला माझंसुद्धा कळत नाही."

बाप ओशाळून हसला.

म्हाताऱ्याला दया आली, पण रीत मोडवेना. तो म्हणाला, "असं करू. मी आत जायला मोकळा आहे. मीच नेतो तिला."

त्याने सगुणाला उचललं. उंबरा ओलांडला मात्र, तिची मान मागे गेली, अंग काठीसारखं ताठ झालं, श्वास अडकला. म्हातारा जागीच थिजला. तोवर आई धावली आणि तिचा तळवा मानेखाली गेला. अंग सैल पडलं. श्वास परत आला.

म्हातारा त्या तळव्याकडे पाहत राहिला. पोरगी कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते, ते त्याला दिसेना.

त्याने मुलगी बापाच्या हातांवर दिली. आत्याकडून वाटी घेतली आणि रांजणात ओतली.

"चला."

"किती जणांनी?" आत्याने विचारलं.

"एकच तर आहात," तो म्हणाला आणि दिवा घेऊन पुढे झाला. रांजणामागे राणीचे पहारेकरी बसले होते. त्यांनी पाहिलं, हेही त्याने पाहिलं. आता ही देवडी आपल्याला राहील की नाही, असं त्याच्या मनात आलं. पण पाय थांबले नाहीत.

माशापाशी पोचल्यावर आत्याने खांद्यावरची घोंगडी अंथरली आणि बापाने लेकीला बरगड्यांखाली निजवलं. आई शेजारी निजली. बाप आणि आत्याही निजले. मग म्हाताराही गुडघे धरत धरत जमिनीला टेकला.

इतकी वर्षं तो माशाच्या बाजूने चालत गेला होता. आज खालून पाहत होता. पांढऱ्या बरगड्या दोन्ही बाजूंनी वर वर गेल्या होत्या, एखादं गाव पोटात घ्यावं तशा. दिवा हलला की त्यांच्या सावल्या छतावर हलत, आणि वाटे, मासा श्वास घेतोय. समुद्र न पाहिलेली ती माणसं समुद्राच्या तळाशी निजली होती.

सगुणाच्या गळ्यातून आवाज निघाला. लांब, तुटक.

"विचारते," आत्या म्हणाली, "ह्यालापण उचलून आणलं का?"

"उचलून तर," म्हातारा हळूच म्हणाला. "समुद्रापासून. वाटेवरची गावंच्या गावं खांदा द्यायला आली होती. इथे आत येईपर्यंत नुसती माणसंच माणसं."

पुन्हा आवाज. ह्या वेळी त्यात हसू होतं.

"विचारते, त्या सगळ्यांकडून तेल घेतलं का?"

म्हातारा उठून बसला. "हे ती विचारते, की तू?"

"मी विचारलं असतं तर याहून तिखट विचारलं असतं," आत्या म्हणाली.

त्याच दिवशी देवडीवाला आपणहून राणीपुढे उभा राहिला. "सरकार, एका वाटीत चौघांना आत सोडलं. शिक्षा करायची तर करा."

"मी तेल माफ केलंच होतं ना?" राणी म्हणाली.

"केलं होतं. पण आपण पोरीला आत बोलावलं आणि तिचे हातपाय बाहेर ठेवले. मासा आणला तेव्हा आपण मासा मोजला, सरकार. आणणारे मोजले नाहीत."

मग राणीने नवी दवंडी पिटवली : असं लेकरू आणि त्याला घेऊन येणारे, सगळे मिळून एक वाटी.

आणि मग ते दिसलं. दऱ्याखोऱ्यांतून माणसं निघाली. कोणी पाटीत, कोणी झोळीत, कोणी पाठुंगळी लेकरं घेऊन. सगळी चढण माणसांनी भरून गेली, जणू डोंगरच हळूहळू वर सरकतोय. राणी दारात उभी राहून पाहत होती. तिचे डोळे भरून आले.

"इतकी लेकरं," ती म्हणाली. "ही सगळी होती तरी कुठे?"

"घरात होती, सरकार," देवडीवाला म्हणाला आणि पुढच्या माणसासाठी बाजूला सरला.

तात्पर्य : ज्याला दुसऱ्याच्या हातांनी यावं लागतं, त्याच्यासाठी दार उघडायचं तर त्या हातांसकट उघडावं.