ठिपकीची भिंत

विषय : निंबदरी मठातील ठिपकी नावाची गाय भिंत चाटते, त्याबाबत.
संदर्भ : श्री. वामनराव डहाळे, सेवानिवृत्त पशुधन अधिकारी, यांचा अनुग्रह मिळण्याबाबतचा अर्ज.

"का चाटते ही?" सोमगीर महाराजांनी विचारले.

अर्ज त्यांच्या हातात होता. सोबत तीन प्रशस्तिपत्रे जोडली होती. त्या सगळ्याने महाराज माश्या वारत होते आणि गोठ्याकडे पाहत होते.

ठिपकी मातीच्या भिंतीवर जीभ फिरवत होती. तिथे परातीएवढा खळगा पडला होता.

वामनरावांना अनुग्रह हवा होता. पण समोर आलेला प्रश्न उत्तरावाचून सोडणे त्यांच्या सेवाकाळात कधी घडले नव्हते.

"क्षारांची कमतरता, महाराज. तांबं, जस्त, कोबाल्ट. लागतात कणभर, पण ते नसले की खाल्लेलं अंगी लागत नाही."

"कणभर कोबाल्टचं गाय काय करते?"

"गाय काही करत नाही. तिच्या कोटीपोटात जंतू असतात, त्यांना ते लागतं. चारा तेच पचवतात."

"म्हणजे ठिपकी खाते ती जंतूंसाठी?"

"एका अर्थी."

"आणि जंतू पचवतात ते?"

"ठिपकीसाठी."

"मग तू देणार ते कोणाला?"

एवढा भाग वामनरावांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

"एकवीस दिवस द्या, महाराज. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. जीभ भिंतीवरून उठेल. नाही उठली, तर अनुग्रह मागणार नाही."

ही अट महाराजांनी घातलेली नव्हती. नोंद असावी.

वामनराव रोज सकाळी टेकडी चढू लागले. पावडर स्वतः तोलत, भरड्यात कालवत, गव्हाणीत ठेवत आणि वहीत लिहीत.

बाराव्या दिवशी ते वही घेऊन महाराजांपुढे बसले.

"भूक वाढली. शेण बांधून पडतं. रवंथही जास्त वेळ करते. दूध अर्धा लिटरनं वर गेलं."

"आणि भिंत?"

"...चाटते."

गोठा सांभाळणाऱ्या सरूबाई शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या. "डॉक्टर, गाईला गुण आला. आता पावडर भिंतीला चारून बघा."

वामनरावांनी हे वहीत लिहिले नाही.

पंधराव्या दिवशी त्यांनी कोणालाही न सांगता पावडर दुप्पट केली. सतराव्या दिवशी ठिपकीने भरड्याला तोंड लावले नाही. शेण पातळ झाले. रवंथ थांबला. ती मान टाकून बसून राहिली.

"काय घातलंत हिला?" सरूबाईंनी विचारले.

"तेच. थोडं जास्त."

"थोडं म्हणजे?"

"...दुप्पट."

सरूबाईंनी महाराजांना बोलावून आणले. महाराज गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"दुप्पट केलंस तेव्हा तिची भूक कमी झाली होती?"

"नाही."

"दूध?"

"नाही. भिंत सुटत नव्हती म्हणून..."

"मग औषध कोणाच्या दुखण्यावर दिलंस?"

वामनरावांनी पावडरचा डबा उचलून गोठ्याबाहेर ठेवला.

पावडर बंद झाली. वामनराव दोन दिवस घरी गेले नाहीत. ठिपकीपुढे कडबा आणि पाणी ठेवून ते तिच्या डाव्या कुशीवर तळहात टेकून बसले. पोटाची हालचाल त्यांनी हजार जनावरांची मोजली असेल. या वेळी मोजायचे सुचले नाही.

तिसऱ्या सकाळी हाताखाली काहीतरी हलले. मग आतून गुडगुड आली. ठिपकीच्या गळ्याशी घास वर चढला आणि ती डोळे अर्धे मिटून चावू लागली.

वामनरावांनी उपरण्याने तोंड पुसले.

तासाभराने ठिपकी उठली आणि सरळ भिंतीकडे गेली.

एकविसाव्या दिवशी वामनराव वही न घेता आले.

"क्षार भरले, महाराज. पचन नीट आहे. तरी चाटते. का चाटते, मला माहीत नाही."

सरूबाईंनी हातातला खराटा थांबवला.

"तू स्वतः गोळ्या घेतोस म्हणे?" महाराज म्हणाले.

"घेतो. जस्त, सेलेनियम."

"पचतं सगळं?"

"उत्तम."

"झोप?"

"लागते."

"कमी काही?"

"काही नाही."

"मग दोन दिवस कशाला बसलास इथं? अनुग्रह तर हातचा गेलाच होता."

गोठ्यातून जिभेचा खरखर आवाज येत होता.

वामनरावांनी हात पुढे केला. "अर्ज परत द्या. शब्द माझाच होता."

महाराजांनी कागदांची घडी केली आणि आसनाखाली सरकवली.

"नामंजूर समजू का, महाराज?"

"उद्या येताना टोपलीभर चांगली माती आण. भिंत पातळ झाली आहे."

अर्ज प्रलंबित आहे.