बुरडीण आणि अकरा करंड्या

एका गावात एक बुरडीण राहत होती आणि ती कुणाच्या बापाला भीत नसे. कासाबाई तिचं नाव. तिच्या सुपाला कुणी नावं ठेवली तर ती ते सूप हातातून काढून घेई आणि "जा, तळहातावर पाखड" म्हणून वाटेला लावी. एकदा रानात बांबू तोडताना समोर अस्वल आलं, तर तिने त्याला अशा शिव्या दिल्या की ते आल्या वाटेने परत गेलं.

पण साप म्हटलं की याच कासाबाईची गाळण उडे. 'साप' हा शब्दसुद्धा ती तोंडातून काढत नसे. 'लांबडं' म्हणे, तेही हळूच. आणि नशीब असं की तिचं पोट भरायचं बांबूच्या राशीवर, अन् सापांनाही नेमकी तीच जागा आवडायची. रोज सकाळी ती काठीने रास बडव बडव बडवी, मग कुठे एक बांबू ओढी. एखादं लांबडं दिसलंच तर त्या दिवशी काम बंद.

एका उन्हाळ्यात त्या राशीत एक धामण राहायला आली. पुरुषभर लांब आणि मनगटाएवढी जाड. कासाबाईने अशी किंकाळी फोडली की अर्धं गाव काठ्या घेऊन धावत आलं. योगायोगाने रानातली औषधं विकणारी एक म्हातारी वैदीण वाटेने चालली होती. ती मधे आडवी उभी राहिली.

"काठ्या खाली करा. धामण हाय ती," म्हातारी म्हणाली. "इख न्हाई तिला. डिवचलं तर चावंल, रगात निघंल, पर माणूस मरायचं न्हाई. उंदरावर जगती ती."

लोक कुरकुरत परत गेले. वैदीण कासाबाईकडे वळली. "तुझ्या घरात उंदीर किती?"

"कोण मोजतंय! नवी कणगी इनून ठेवली की कुरतडलीच म्हणून समजा."

"मग हिला ऱ्हाऊ दे. भ्या वाटतंय तर लांबनं बघ. पर बघ, बाई. डोळं मिटून बसलीस तर भ्या वाढतच जाईल."

दुसऱ्या दिवशी कासाबाईने आपला बसायचा पाट रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली नेऊन टाकला आणि तिथून राशीवर नजर ठेवत टोपली विणली. तिसऱ्या दिवशी पाट एक हात अलीकडे आणला, चौथ्या दिवशी आणखी एक हात. छाती धडधडे, तेव्हा ती धामणीला मोठमोठ्याने शिव्या देई. धामण ऐकून घेई. बघता बघता कासाबाईला कळत गेलं की ती कोवळ्या उन्हाला बाहेर येते, माणूस हलला की आधी तीच पळते आणि उंदीर धरला की दोन दिवस हलत नाही.

चार महिन्यांनी पाट राशीजवळ पोचला. त्याच दिवशी कासाबाईला तिथे धामणीची कात सापडली. आधी तिने ती काडीने हलवली, मग बोट लावलं, मग तळहातावर घेतली. लसणीच्या सालीसारखी कोरडी आणि हलकी होती ती. कासाबाई मोठ्याने म्हणाली, "साप." तिला काहीही झालं नाही.

घडलं ते एवढंच. तिने साप पाळला नव्हता. धामणीला तिने कधी हातसुद्धा लावला नव्हता. धामण तिच्याकडे राहत होती, ती धामणीच्या शेजारी टोपल्या विणत होती आणि दोघी आपापल्या कामात होत्या.

पण गावाच्या जिभेला हाड कुठे असतं! "कासाबाईनं साप पाळलाय," अशी आवई उठली आणि ती पाटलाच्या कानावर गेली. हा पाटील पाल दिसली तरी खाटेवर चढून बसणारा. गावची बुरडीण सापाला भीत नाही आणि आपण भितो, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. त्याने एका गारुड्याला बोलावलं आणि एक नाग घेतला. गारुड्याने नागाचे दात मोडले आणि जबडा दोन्ही बाजूंनी काळ्या दोऱ्याने शिवून टाकला. पुढे जीभ बाहेर येण्यापुरती फट तेवढी ठेवली. पाटलाने टाके नीट तपासून घेतले, मग त्याचा जीव भांड्यात पडला.

मग तो कासाबाईच्या अंगणात आला. "कासाबाई, झाकणाची एक करंडी इनून दे. आमीबी भ्या मोडणार हाय. तुझ्यावानी!"

आता इथे कासाबाईचं चुकलं आणि ते सांगितलंच पाहिजे. गावचा पाटील आपल्या दारात बसून 'तुझ्यावानी' म्हणतो, याने ती फुगली. भीती मोडायला झाकण कशाला लागतं, एवढं तिने विचारलं नाही. तिने अशी घट्ट वीण घातली की करंडीतून मुंगीही निसटू नये.

पाटलाने साप पाळला म्हटल्यावर गाव मागे राहतंय होय! ज्याला त्याला साप हवा झाला. गारुड्याने बांध पालथे घातले, गवताच्या गंज्या उपसल्या, विहिरीच्या कपारी धुंडाळल्या आणि धामण, दिवड, कवड्या, जे हाती लागेल त्याचं तोंड शिवून घरोघर दिलं. कासाबाई करंड्या विणत राहिली. लोक सापाला हळदकुंकू वाहायचे, पाहुण्यांसमोर झाकण उघडून छाती फुगवायचे आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध पाजायचे. साप दुधावर जगतो हे या शहाण्यांना कुणी सांगितलं कोण जाणे! रानात काय गवळी रतीब घालतो? कोंडून ठेवलेला तहानेला जीव समोर येईल ते पितो आणि ते दूध त्याच्या पोटात नासतं. पण हे समजून घ्यायला सापाकडे बघावं लागतं, आणि गावात बघत कुणीच नव्हतं. सगळे दाखवत होते.

"सापाला दूध कशापायी पाजता?" कासाबाईने एकदा एका बाईला विचारलं.

"अगं, देव हाय तो! देवाला काय उंदीर घालू?" बाई म्हणाली आणि तिने देवावर झाकण लावून वर दगड ठेवला.

कासाबाई त्या दगडाकडे बघत घरी आली. तरी तिने अकरावी करंडी पुरी केली. पाटलाला आणखी एक हवी होती. करंडी देऊन कासाबाई बांबू आणायला रानात गेली.

दोन दिवसांनी परत आली तर अंगणात रास विसकटलेली. एक एक बांबू उपसून भिरकावलेला. शेजारीण कुंपणापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "गारुड्यानं नेली तुझी धामण. पाटलांनी सांगितलं हुतं, कासाबाईचाच साप पायजे म्हणून. तुझ्याच करंडीत हाय."

कासाबाईने डोक्यावरचा भारा तिथेच टाकला. कामट्या सोलायची छोटी सुरी तिच्या कमरेला होतीच. ती तशीच पाटलाच्या घरी निघाली.

पाटलाच्या अंगणात गाव जमलं होतं. घरोघरून आणलेल्या अकरा करंड्या ओळीने मांडलेल्या, मधे पाटील फेटा बांधून उभा. आज तो नाग गळ्यात घालणार होता. कासाबाई पोचली तेव्हा त्याने नाग बाहेर काढून गळ्यात टाकलासुद्धा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळी वाजवली नाही ती एकट्या कासाबाईने. चार महिने तिने सापाकडे बघण्यात घालवले होते. हा नाग पिळलेल्या फडक्यासारखा लोंबत होता. जीभ बाहेर येत नव्हती, मान वर होत नव्हती.

"पाटील," ती म्हणाली, "मेलाय तो."

"गप! झोपलाय."

"वास येतोय, पाटील. कालच मेला असंल."

पाटलाने वास घेतला. मग जो काही ओरडला! नाग भिरकावून तो ओट्यावर चढला आणि दोन्ही हातांनी मान पुसत सुटला. कुणीही हसलं नाही. जो तो आपापल्या करंडीकडे बघत होता, पण झाकण उघडायला कुणाचा हात पुढे होत नव्हता.

कासाबाईने उघडली. एकामागून एक सगळी झाकणं तिने फेकून दिली. नाग धरून सात मेले होते. तीन जेमतेम हलत होते. शेवटच्या करंडीत तिची धामण होती, घट्ट वेटोळं करून बसलेली, तोंडाला काळे टाके.

कासाबाईने सुरी काढली आणि ती तिथेच थांबली. कात हातात घेणं वेगळं. जिवंत सापाचं डोकं धरायचं म्हटल्यावर चार महिन्यांत गेलेली सगळी भीती उलटून अंगावर आली. ती मागे फिरली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण धामण तशीच राहिली असती तर आणखी काही दिवसांत मेली असती, कासाबाईच्या हातच्या करंडीत.

तिने डोक्यामागे धामण धरली. एक टाका तोडला. दुसरा तोडला. जबडा एका बाजूने सुटला, तशी धामणीने मान वळवून तिच्या अंगठ्यात दात रोवले. भळाभळा रक्त आलं.

"चावली! चावली!" गाव ओरडलं. "सोड तिला, कासाबाई!"

"चावंलच की!" कासाबाई गरजली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पकड सुटली नव्हती. "तुमचं तोंड शिवलं असतं तर तुमी काय माझ्या पाया पडला असता?"

तिसरा टाकाही तुटला. तिने धामण जमिनीवर ठेवली. धामण सरळ अंगण ओलांडून, कुंपणाखालून रानात निघून गेली.

आता पाटलाला कंठ फुटला. ओट्यावरूनच तो म्हणाला, "माझ्या अंगणात यिऊन माझा साप सोडतीस?"

"तुमचा? तुमचा कसा झाला?" कासाबाई ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. "भ्या मोडायचं हुतं ना तुमाला? मग तोंड कशाला शिवलं?"

"न शिवता कोण पाळंल?"

"मग पाळू नका! भ्या वाटतंय तर लांब ऱ्हावा. त्यात लाज कसली? चार म्हैनं मी लांबच बसले हुते. नागाला तर मी आजबी भिते आणि भिणारच. पर माझं भ्या मी माझ्याजवळ ठिवलं. तुमी त्याच्यापायी मुकी जनावरं उपाशी मारली, वर टाळ्या घेतल्या!"

पाटील ओट्यावरून मांडलेल्या करंड्यांकडे बघू लागला. मग त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आणि करंड्या कुणी इनल्या गं?"

कासाबाईचा चेहरा उतरला. "मी इनल्या," ती म्हणाली. "मीच इनल्या. तुमी 'तुझ्यावानी' म्हणालात आणि मी भुलले." मग उरलेल्या तीन सापांचे टाके तिने तोडले, त्यांना गवतात सोडलं आणि अकराही करंड्या पायाखाली चेचून त्यांचा भुगा केला. गारुडी तोवर केव्हाच पसार झाला होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. सुगी आली, कणग्या भरल्या आणि बांधाबांधांवरून उंदीर गावात शिरले. धरणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी कणग्या तळातून फोडल्या, खायचं धान्य खाल्लं, बियाण्याचं खाल्लं. पेरणीच्या वेळी अर्धी शेतं तशीच पडून राहिली. कासाबाईच्या टोपल्याही वाचल्या नाहीत. रोज सकाळी ती राशीकडे बघे, पण धामण परत आली नाही. कशाला येईल?

अशात एक दिवस पाटील पुन्हा तिच्या दारात आला. अंग चोरून उभा राहिला.

"कासाबाई, झालं ते झालं. आता उंदरांचा बंदोबस्त करायचा हाय. मुंगूस पाळावं म्हंतो. त्याला एक पिंजरा इनून दे, झाकणाचा. मागच्यापरीस घट्ट."

कासाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मुंगसाचं तोंडबी शिवणार का?"

"थोडंसंच," पाटील म्हणाला. "चावतं ना ते."

कासाबाईने हातातला कोयता खाली ठेवला, उठली आणि पाटलाच्या तोंडावर दार लावून घेतलं. त्या पाटलासाठी तिने पुन्हा सूपसुद्धा विणलं नाही.

तात्पर्य: ज्याची भीती वाटते त्याचं तोंड शिवल्याने आपली भीती जात नाही, फक्त त्याचा जीव जातो. आणि करंडी विणून देणाराही त्यातून सुटत नाही.