पाण्याची दवंडी

देवळगडच्या सगळ्या विहिरी वैशाखात आटल्या. पाणी उरलं होतं ते फक्त राजवाड्यातल्या बारवेत, आणि तिथं पहारा होता. तशात शेजारच्या राजाचा वकील भेटीला यायचा होता. त्याच्यापुढं हसं होऊ नये म्हणून रणधीरराजांनी दवंडीवाल्या सटवाजीला बोलावलं.

“देवळगडात पाणी मुबलक आहे, अशी दवंडी पीट. एक शब्द कमी केलास तर जीभ छाटीन!”

सटवाजी मुजरा करून निघाला. दुपारी वकिलाची पालखी राजवाड्याशी आली, तर दारात सारं गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं!

राजे कडाडले, “सटवाजी, काय सांगितलंस यांना?”

“तुमचाच शब्द, महाराज. लोकांनी विचारलं, पाणी कुठं आहे? मी वाड्यातली बारव सांगितली.”

“कुणाला विचारून?”

सटवाजीनं मान ताठ केली. “दुसरीकडं असतं तर तिकडं पाठवलं असतं. शब्द तुमचा आहे, महाराज. तो खरा करायचा की खोटा, हे तुम्हीच ठरवा.”

वकील पालखीतून उतरून ऐकत होता. राजे त्याच्याकडं बघत पुढं आले. मग पहारेकऱ्यांना म्हणाले, “दार उघडा.”

पाऊस येईपर्यंत ते दार लागलं नाही. सटवाजी रस्त्यानं निघाला, की देवळगडची माणसं पाहुण्यांना थांबवून सांगत, “हा आमचा दवंडीवाला!”