रेघेबाहेरचा गूळ

एकदा एक शिष्य भिडेला बळी पडला, त्याची ही गोष्ट.

त्याचे गुरू म्हातारे वैद्य, जिभेने तिखट. दर पाडव्याला ते गावातल्या पोरांची उंची आणि वजन घेत, आणि भिंतीवर कोळशाने ओढलेल्या वाढीच्या रेघांत प्रत्येकाचा ठिपका देत. यंदा ते काम शिष्याकडे होते. व्यापाऱ्याच्या नातवाचा ठिपका सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर गेला.

"खात्यापित्या घरचं लेकरू आहे," व्यापारी हसून म्हणाला. "रेघच जरा वर घे की."

शिष्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी देवळात नातवाची गूळतुला, त्याच्या भारंभार गूळ तोलायचा. दरसाल पारडे जड, दरसाल आजोबांची छाती फुगलेली. पोर मात्र देवळाच्या पायऱ्या चढतानाच धापा टाकत होते. तुला झाली तसे वैद्यबुवा पुढे आले. या उंचीच्या पोराचे जेवढे वजन असावे तेवढाच गूळ त्यांनी पारड्यात राहू दिला. उरलेल्या ढेपा धोतरात बांधून शिष्याच्या पाठीवर दिल्या.

"दिवस मावळेपर्यंत उतरवायच्या नाहीत."

शिष्याला काही कळेना. पाणी शेंदताना कंबर भरली, गुडघे बोलू लागले, मुंग्या मानेवर चढल्या.

"वैद्यबुवांनी गाढव पाळलं वाटतं," विहिरीवरच्या बाया हसल्या.

मावळतीला तो परतला, तर व्यापारी अपमानाचा जाब विचारायला येऊन बसलेला. नातू अंगणात.

"उतरव," वैद्य म्हणाले. शिष्याची पाठ सरळ झाली. "तू उतरवलंस. ते लेकरू कुठं उतरवणार? झोपेतही अंगावरच. आणि शेठ, त्याच्या मानेवरची काळी वळी घरी मळ म्हणून पिठानं घासता ना? मळ नव्हे तो. साखरेचा आजार दाराशी आल्याची खूण असते ती, तपासून घ्या. पोराचं काही चुकलेलं नाही. भरवणारे हात तुमचे, शाळेत खांद्यावरून पोचवणारा गडीही तुमचाच. रेघ पोराला नावं ठेवायला नसते, मोठ्यांना वेळेवर हटकायला असते." मग ते शिष्याकडे वळले. "कुत्रं भुंकलं तर तू त्याचंच तोंड बांधलंस. चोर काय तेवढ्यानं परत जातो?"

शिष्याने ओले फडके घेऊन आपली रेघ पुसली. व्यापारी रागानेच उठला, गुळाचे गाठोडे उचलले, आणि उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याला ते खाली टेकवावे लागले. तिथूनच तो बराच वेळ अंगणातल्या नातवाकडे बघत राहिला.

"ठिपका कुठं होता," तो शिष्याला म्हणाला, "दाखव."